पोट नाही, खाली दुखतंय: वयात येणाऱ्या मुलामुलींचे आणि त्यांच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

आधी थोडं हे कुठून आलं ते. इंदूरला आमच्या मराठी मंडळाचं उन्हाळी शिबिर असतं आणि मी आयुष्यभर शाळेत बायोलॉजी शिकवलं म्हणून "वयात येताना" हा तास माझ्या गळ्यात पडला तो पडलाच. श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला ब्लेडने चीर पाडलेली, त्यात नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. मुलं टाकतात, आणि तास संपल्यावर आया चपला घालता घालता हळूच विचारतात, त्या मी घरी येऊन लिहून ठेवते. एक गोष्ट सारखी दिसते, चिठ्ठ्या बहुतेक हिंदीत नाहीतर इंग्लिशमध्ये असतात. घरी मराठी बोलणारी मुलं, पण या विषयाला त्यांच्याकडे मराठी शब्दच नाहीत. शाळेत इंग्लिश नावं, गल्लीत हिंदी शिव्या, आणि घरी "शूची जागा". म्हणून इथे मी सरळ स्तन, योनी, शिश्न, वृषण असंच लिहिणारे, दोनदा वाचलं की सवय होते.

हे वयात येणं सुरू कधी होतं?

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ च्या मध्ये कधीही, मुलांमध्ये ९ ते १४. म्हणजे एकाच वर्गात एक मुलगी पूर्ण बाई दिसते आणि शेजारची अजून फ्रॉकात शोभते, दोघी नॉर्मल. मुली मुलांच्या पुढे असतात म्हणून सातवीच्या ग्रुप फोटोत मुली उंच आणि मुलं मध्ये मध्ये बुटकी, नववीपर्यंत हिशोब बराचसा फिरतो. मुलीला ८ च्या आधी किंवा मुलाला ९ च्या आधी बदल दिसायला लागले, किंवा मुलीला १३ पर्यंत आणि मुलाला १४ पर्यंत काहीच सुरू झालं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेकदा "आमच्याकडे सगळेच उशिरा वाढतात" एवढंच निघतं, पण ते डॉक्टरांनी म्हणायचं, आत्यांनी नाही.

सगळे हार्मोन हार्मोन म्हणतात, पण ते करतात काय?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून छोटा भाग आहे, तो इतकी वर्षं गप्प असतो आणि एक दिवस थोड्या थोड्या वेळाने इशारे पाठवायला लागतो, सुरुवातीला फक्त रात्री झोपेत. ते इशारे पिट्युटरी ग्रंथीला, ती पुढे निरोप देते मुलींच्या अंडाशयाला आणि मुलांच्या वृषणांना, मग तिथून इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन निघतात, आणि पुढचे बहुतेक बदल तीच घडवतात. काखेतले आणि खालचे केस आणि घामाचा वास याच्यात किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचाही हात असतो, म्हणून कधी कधी बाकी काही नसताना वास आधी येतो.

मुलीच्या छातीत एकाच बाजूला गाठ लागतेय, दुखते पण. कॅन्सर तर नाही?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी विचारणारी आई रात्रभर जागलेली असते. निप्पलच्या खाली बटणासारखं कडक लागतं, धक्का लागला की दुखतं, आणि बऱ्याचदा एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी. स्तनाची वाढ अशीच सुरू होते, मुलींमध्ये बहुतेकदा हीच पहिली खूण. दाबून दाबून बघू नका. लाल झालं, गरम लागलं, ताप आला किंवा निप्पलमधून काही आलं तर मात्र दाखवा. आणि याच्यातच पुढच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पाळी कधी येईल ते आधी कळतं का?

तारीख नाही कळत, पण अंदाज येतो. ती गाठ लागल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, आणि येण्याच्या सहा महिने-वर्षभर आधी चड्डीला पांढरट डाग पडायला लागतात. ते अंगावरून पांढरं जाणं या वयात नॉर्मल आहे, खाज किंवा घाण वास नसेल तर काही करायचं नाही. बहुतेक मुलींना १२-१३ च्या आसपास पाळी येते. १५ पूर्ण झाली आणि आली नाही तर डॉक्टर.

तर आयांनो, तुमच्या हातात दोन वर्षं असतात. तरी शिबिरात दर वेळी एक-दोन मुली अशा असतात की ज्यांना शाळेच्या बाथरूममध्ये रक्त बघून वाटलं आपल्याला काहीतरी लागलंय.

मग सांगायचं कसं? आमच्या आईने आम्हाला काहीच नव्हतं सांगितलं.

म्हणून तर. लेक्चर देऊ नका, पॅड हातात द्या. मी शिबिरात एक जुनी स्वच्छ चड्डी नेते, पॅडचा मागचा कागद काढते, चिकट बाजू कापडाला लावून दाखवते आणि पंख दुमडून खालच्या बाजूने चिकटवते, कारण एका मुलीने खरंच चिकट बाजू अंगाकडे लावली होती आणि बिचारी दिवसभर रडली. मग एक ग्लास पाणी त्याच्यावर ओतते. मुली आधी लाजतात, मग "अरे काकू सगळं पाणी गेलं कुठे" करून पुढे सरकतात, लाज तिथे संपते. नंतर सांगायचं की गर्भाशयात आतून एक अस्तर तयार होतं, लागलं नाही की ते बाहेर पडतं, एवढंच. सगळ्या दिवसांचं मिळून ३०-४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, दिसतं मात्र खूप. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, भरलं नसलं तरी. दप्तरात एका पाउचमध्ये दोन पॅड, एक चड्डी आणि कागदाची पिशवी ठेवून द्या, चौथी-पाचवीपासूनच.

आणि शब्द. "कावळा शिवला", "बाहेरची", "अडचण", "प्रॉब्लेम", आता मुलींमध्ये "डेट आली". डेट त्यातल्या त्यात बरा, पण मासिक पाळी हा चांगला सरळ शब्द आहे, तो वापरा, घरातल्या मुलांसमोर पण वापरा. पॅडवरचा जीएसटी २०१८ मध्ये काढला, पण मेडिकलवाल्याची काळी पिशवी काही अजून निघत नाही.

सुरू झाली आणि मग दोन महिने गायब. चालतं?

चालतं. पहिली दोन-तीन वर्षं सिस्टीम सेट होत असते, या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर नॉर्मल धरतात आणि रक्त २ ते ७ दिवस. कॅलेंडरवर, तेच देवघराशेजारी लटकतं ते, पेन्सिलने टिंब करायला सांगा. तीन महिने उलटून गेले तरी आलीच नाही, सात दिवसांच्या वर चालली, किंवा दर तास-दोन तासाला पॅड भरतंय, तर गायनॅककडे न्या. "लग्नाआधी गायनॅककडे कशाला" हे वाक्य कृपया बंद करा.

पोट खूप दुखतं, शाळा बुडते.

गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून दुखतं. गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं, आणि डॉक्टरला विचारून दुखण्याची गोळी, ती पण अगदी सहन होईना झाल्यावर नाही, दुखायला लागल्या लागल्या घ्यायची, तेव्हा चांगली लागू पडते. दर महिन्याला शाळा बुडत असेल तर "बाईच्या जातीला हे चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका, दाखवा.

लोणच्याला हात, देवघर, केस धुणं?

लोणचं ओल्या चमच्याने खराब होतं. केस रोज धुवा. देवघराचं तुमचं तुम्ही ठरवा, मी माझ्या लेकीला कधी अडवलं नाही आणि माझे देव अजून जागेवर आहेत.

वापरलेलं पॅड टाकायचं कुठे?

इंदूरमध्ये राहून हा प्रश्न पडायला नको पण पडतो. आपल्या कचरा गाडीला ओला, सुका यांच्याबरोबर सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, पॅड आणि डायपर त्याच्यात. कागदात गुंडाळा, वेगळ्या डब्यात ठेवा, सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की त्याच कप्प्यात टाका. फ्लश करू नका, तुंबतं, मग प्लंबरसमोर जी लाज वाटते ती गाडीवाल्या भियासमोर वाटण्यापेक्षा जास्त असते. २०१७ पासून आपण सफाईत पहिल्या नंबरच्या गप्पा मारतो आणि पॅड मात्र लपवून ओल्या कचऱ्यात कोंबतो.

मुलांचं काय? त्यांना काही सांगावं लागतं का?

लागतं, आणि त्यांना तर कुणीच सांगत नाही. मुलांमध्ये पहिला बदल म्हणजे वृषण मोठे होतात, पण तो कुणाच्या लक्षात येत नाही, लक्षात येतो आवाज. स्वरयंत्र वाढतं, आतल्या पट्ट्या लांब आणि जाड होतात, आणि आवाज हळूहळू जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मधले काही महिने तो कुठेही फाटतो. लताबाईंचं जन्मगाव आणि अमीर खाँसाहेबांच्या घराण्याचं शहर आपलं, त्यामुळे गाण्याच्या क्लासला जाणारी मुलं घरोघर, आणि तेरा-चौदाव्या वर्षी "गळा गेला" म्हणून क्लास सोडणारी पण घरोघर. सोडू नका. ताणून वरचे सूर लावायचे नाहीत, पट्टी खाली घ्यायची, कमी वेळ गायचं, तेवढे दिवस तबला नाहीतर पेटी शिकायची. आवाज बसतो. मुलींचाही थोडा उतरतो, कुणी लक्ष देत नाही इतकंच.

मुलाच्या छातीत गाठ आलीय, टी-शर्ट घालायला लाजतो, उन्हाळ्यात स्विमिंग बंद केलं.

साधारण अर्ध्या मुलांना या वयात थोडंफार होतं, हार्मोनच्या गडबडीने, आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. तो मुलगी होत नाहीये. हे त्याला शब्दात सांगा, कारण त्याला नेमकी तीच भीती असते आणि तो ती कधीच बोलणार नाही.

रात्री चड्डी ओली होते. चिठ्ठीत लिहिलंय "क्या ये बीमारी है?"

नाही रे बाळा. वृषणात शुक्राणू तयार व्हायला लागले की वीर्य झोपेत बाहेर येतं, कधी स्वप्न पडून, कधी न पडताच. सकाळी चड्डी स्वतः धुवायची आणि विसरायचं. मुळात "स्वप्नदोष" हा शब्दच वाईट आहे, ज्याच्यात दोषच नाही त्याला दोष म्हणून ठेवलंय, आणि त्या एका शब्दावर रेल्वे लाइनच्या कडेच्या भिंती रंगवणाऱ्या "गुप्त रोग" वाल्यांची दुकानं चालतात. एक थेंब वीर्य म्हणजे इतके थेंब रक्त वगैरे सगळं बंडल. हस्तमैथुनाने पण अशक्तपणा येत नाही, पिंपल येत नाहीत, डोळे जात नाहीत. एकांतातली गोष्ट आहे, एकांतात ठेवायची, आणि अभ्यास, झोप, मित्र सगळं सोडून तेवढंच उरलं तर बोलायचं.

शिश्न वाकडं आहे / छोटं आहे / एक वृषण खाली लटकतं...

एक वृषण थोडं खाली असणं नॉर्मल. थोडा बाक नॉर्मल. साइजची स्पर्धा मोबाईलने लावलीय. पुढे.

आणि दुखलं तर?

इथे मला थांबून लिहायचंय. माझा भाचा, तेव्हा तेरा वर्षांचा, सुट्टीला आमच्याकडे आला होता. शनिवारी रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो, गराडू म्हणजे तळलेला कंद, दहीवडा, मग वर जिलबी. पहाटे पाचला तो उठला, पोट दुखतंय म्हणाला, एक उलटी झाली. मला काय, गराडूवर शंका. ओवा आणि काळं मीठ दिलं, बेंबीत हिंग लावला. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला, काही बोलेना. साडेसातला बाथरूमला निघाला तेव्हा पाय फाकवून चालत होता, तर माझ्या मिस्टरांनी दार लावून त्याला विचारलं, आणि तेव्हा तो म्हणाला, "काका, पोट नाही, खाली दुखतंय." वृषणाला पीळ पडला होता. दोरी पिळल्यासारखी नस पिळली जाते आणि रक्त थांबतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या सहा तासांत सोडवलं तर बहुतेकदा वाचतं, नंतर शक्यता भराभर कमी होते. ऑपरेशन झालं, वाचलं, दुसरी बाजू पण टाका घालून पक्की केली म्हणजे तिकडे असं होऊ नये. अडीच तास मी हिंगात घालवले. बायोलॉजीची टीचर.

त्याच्याकडे शब्द नव्हता. गोटी म्हटलं तर शिवी, वृषण पुस्तकातलं, आणि समोर मावशी. तर मुलांनो, अचानक जोरात दुखलं, एक बाजू वर ओढल्यासारखी वाटली, सूज, उलटी, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, घरातल्यांना उठवून सांगा. कुठल्याही शब्दात.

पिंपल. एकच चिठ्ठी नाही, ढीग.

त्वचेतलं तेल वाढतं, छिद्रं बंद होतात, आत बॅक्टेरिया. चेहरा दोनदा साध्या फेसवॉशने धुवायचा, घासायचा नाही, फोडायचं नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं कमी टक्क्याचं जेल चालतं, फरक पडायला सहा-आठ आठवडे लागतात आणि टॉवेलवर पांढरे डाग पडतात, आईचा चांगला टॉवेल घेऊ नका. खोल, दुखणारे, खड्डे पाडणारे असतील तर स्किनच्या डॉक्टरकडे. आणि मेडिकलवाल्याने दिलेली "गोरं करणारी" ट्यूब उलटी करून वाचा, बीटामिथासोन, क्लोबिटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर चेहऱ्याला लावू नका. ते स्टिरॉइड आहे. पहिले काही दिवस चेहरा चमकतो, मग पातळ होतो, लाल पडतो, केस येतात, आणि सोडलं की पिंपल दुप्पट.

मानेवर काळं झालंय, कितीही घासलं तरी जात नाही.

बेसन लावून घासणं थांबवा, तो मळ नाहीये. मान आणि काख जाडसर काळी झाली आणि वजन पण वाढलेलं असेल तर शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरला दाखवा, शुगर तपासतील.

उंची वाढायला काय देऊ?

डब्यातली पावडर नाही. आईबाबांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलगा असेल तर १३ जोडा, मुलगी असेल तर १३ वजा करा, दोनाने भागा, त्याच्या मागेपुढे उंची होते. मुलींची पाळी आल्यानंतर साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. झोप, डाळ, दूध, अंडं चालत असेल तर अंडं, आणि खेळणं. लटकून हात लांब होत नाहीत.

मुलगी सारखी थकलेली असते.

रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते १९ च्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघालं आणि मुलांमध्येही ३१ टक्के, म्हणजे मुलगा आहे म्हणून सोडू नका. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देतात ती मुलं खिडकीतून टाकतात, मी वेचलेल्या आहेत. जेवून घ्यायची, शी काळी होते, घाबरायचं नाही. आणि आपले पोहे, लिंबू पिळता ते उत्तम, लोह चांगलं शोषलं जातं, पण लगेच वर कट चहा मारता ना, त्याने तेच अडतं. चहा तासाभराने.

सारखी चिडचिड, दार बंद, काही विचारलं की "कुछ नहीं".

मेंदूचा भावनांचा भाग या वयात फुल स्पीडला असतो आणि ब्रेकचा भाग, कपाळामागचा, पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. त्यातून झोपेचं घड्याळ पण तास-दोन तास पुढे सरकतं, रात्री अकरापर्यंत झोप येतच नाही आणि सकाळी सव्वासहाला स्कूल बस गल्लीच्या तोंडाशी. त्यांना ८ ते १० तास झोप हवी, मिळते सहा. त्यांच्या जागी मी असते तर मी पण चिडले असते. त्यामुळे सकाळी सात वाजता कुठलाही महत्त्वाचा विषय काढू नका. मला अनुभवाने सांगायचं तर स्कूटीवर मागे बसवून कुठेतरी न्यावं, ५६ दुकानला काहीतरी खायला, तोंड समोर नसलं की मुलं बोलतात.

दार बंद ठेवायचं त्यांना स्वातंत्र्य द्या, टकटक करा. पण दोन आठवड्यांच्या वर उदास आहे, खेळ, मित्र, आवडतं खाणं सगळं सुटलंय, मार्क अचानक पडले, स्वतःला इजा करतेय किंवा "मी नसतो तर बरं" असं बोलला, तर ते वय नाही, ते दुखणं आहे. टेलिमानस, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठी सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, दिवसरात्र. जीव धोक्यात वाटला तर फोनवर थांबू नका, सरळ हॉस्पिटल, आणि तोवर एकटं सोडू नका.

क्रश आहे. घरी कळलं तर मारतील.

कुणीतरी आवडणं हा पण त्याच हार्मोनचा भाग आहे. कुणाला आवडतं, कुणाला नाही, कुणाला कोण आवडतं ते वेगळं वेगळं असतं. फोटो मात्र पाठवायचा नाही, कितीही प्रेमाने मागितला तरी. आणि मोठ्या माणसाने, ओळखीच्या असो, नात्यातल्या असो, क्लासच्या असो, हात लावला, दाखवलं, मागितलं, तर चूक तुमची नाही. १८ च्या खालच्या प्रत्येकासाठी, मुलांसाठी पण, २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. १०९८ वर फोन करा, किंवा मला, किंवा ज्याच्यावर विश्वास असेल त्याला, एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला.

मी बाबा आहे, बायको नाहीये घरात, मुलीशी कसं बोलू?

जसं तुम्ही हे विचारलंत तसंच. पॅडचं पाकीट आणून कपाटात ठेवा आणि सांगा, "हे इथे आहे, संपलं की सांग, मी आणतो." पहिल्या वेळी कान लाल होतात, तुमचे. मावशी-आत्या कुणी असेल तर मदतीला घ्या, पण सगळं त्यांच्यावर ढकलू नका, पॅड संपतात ते रात्री दहाला आणि तेव्हा घरात तुम्हीच असता.

काकू, तुम्हाला पहिल्यांदा आली तेव्हा काय झालं होतं?

ही चिठ्ठी मागच्या मे महिन्यातली, मराठीत होती, चक्क. आम्ही राजवाड्याच्या मागे वाड्यात राहायचो. आईने बाजूला घेऊन, पदर तोंडाशी धरून सांगितलं, "तुला कावळा शिवलाय, चार दिवस इथेच बस." दुसरं काही नाही. मी बसले. आणि ते चार दिवस खिडकीतून समोरच्या पत्र्यावर बसलेल्या एकेका कावळ्याकडे बघत होते, की यांच्यातला तो कोणता.